सहावं गाणं काढणार नाही

सहावं गाणं अल्बममधून काढून टाका, असं मला तीन माणसांनी सांगितलं. पहिले समीक्षक, दुसरा माझा संगीतकार आणि तिसरा माझा नवरा. तिघेही माझ्या भल्याचंच सांगत होते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. वाईटावर टपलेल्या माणसाला दोन शब्द सुनावता येतात. भलं चिंतणाऱ्याला काय सुनावणार? तरी मी सुनावले. ते कसे आणि कुठे, तेच सांगायला बसले आहे.

आधी माझा धंदा सांगते. मी ऑर्केस्ट्रात गाणारी बाई. तीस वर्षं गायले. गणपती, एप्रिलमधल्या जयंत्या, लग्नाच्या आदल्या संध्याकाळचं संगीत, कुहीकडच्या गावांतले धान निघाल्यानंतरचे कार्यक्रम, बुटीबोरीच्या कारखान्यांतले वर्धापनदिन. दिवसा एका शाळेच्या ऑफिसात कारकून होते. तिथे दाखल्यांच्या नकला काढून द्यायचे आणि संध्याकाळी गाण्यांच्या. हे मी स्वतःला हिणवून घेण्यासाठी म्हणत नाही. नक्कल करणं सोपं वाटतं त्यांनी एकदा करून बघावी.

आमची पद्धत अशी. नवं गाणं बसवायचं म्हणजे मूळ रेकॉर्ड लावायची आणि ऐकत राहायचं. शब्द आणि चाल तर कुणीही उचलतं. खरं काम श्वासाचं असतं. मूळ गायिका जिथे श्वास घेते तिथेच आपण घ्यायचा, मग आपल्याला तिथे गरज असो वा नसो. माझ्याकडे वह्यांचा गठ्ठा आहे, प्रत्येक गाण्याच्या शब्दांवर लाल पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारलेल्या. रेघ म्हणजे श्वास. एखाद्या रेकॉर्डवर गायिकेचा आवाज कुठे किंचित घासला असेल, तर तिथे मी छोटा गोल करायचे आणि तेवढं घासणंही घोटून घ्यायचे. पट्टीही मूळचीच. माझा गळा त्या उंचीला चढायला कुरकुर करायचा, पण त्याची तक्रार कोण ऐकून घेतो? समोरच्या माणसाने डोळे मिटले आणि त्याला रेकॉर्ड लागल्यासारखं वाटलं की जिंकलो. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘नागपूरची’ असं लिहून पुढे त्या थोर गायिकेचं नाव असायचं, आणि माझं खाली, बारीक अक्षरांत. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू.

आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा माणूस माझ्या नवऱ्याचा दोस्त. मला वहिनी म्हणतो. त्याला भावगीतांचं वेड. कार्यक्रमाच्या गाडीत सगळे पेंगत असताना हा मांडीवर बोटं आपटत चाली बांधत बसायचा. शब्दही त्याचेच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर एक दिवस घरी आला आणि म्हणाला, “वहिनी, लय झाल्या दुसऱ्याच्या चाली. माह्यी सहा गाणी आहेत. तुम्हीच गा. अल्बम करू.”

मी सत्तावन्न वर्षांची. आता कॅसेट राहिली नाही, सीडी राहिली नाही, अल्बम म्हणजे मोबाईलवर चढवलेली गाणी. नातवंडांच्या वयाची पोरं काढतात तसला. पण त्याने विचारलं आणि मी पुढचा विचार न करता हो म्हटलं. तीस वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

स्टुडिओ नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. खाली दिवसभर गाड्यांचे हॉर्न आणि पातेल्यांची आदळआपट, त्यामुळे रेकॉर्डिंग भर दुपारी व्हायचं. मे महिन्यात दुपारी एक ते चार महालात शटरं खाली असतात. शांतता मिळायची, पण माइक चालू झाला की कूलर बंद. आवाज येतो ना त्याचा. आम्ही ओले नॅपकिन मानेवर टाकून गायचो. एकेका टेकनंतर कूलर पाच मिनिटं लावायचा, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि पुन्हा बंद करायचा.

पहिल्या दिवशी मी हेडफोन कानाला लावले, वही उघडली, लाल पेन्सिल काढली आणि म्हटलं, “ओरिजनल ऐकवा ना.”

संगीतकार काचेपलीकडे बसला होता. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

“काहून हसून राहिले?” मी विचारलं. “ओरिजनल कुठं आहे?”

“वहिनी, ओरिजनल तुम्हीच आहा ना.”

मग मलाही हसू आलं, आणि लगेच धडकी भरली. चाल मला पाठ होती, त्याने हार्मोनियमवर दहा वेळा शिकवली होती. पण श्वास कुठे घ्यायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. गायला लागले तर आवाजच लागेना. म्हणजे लागायचा, पण दर ओळीला निराळ्या बाईचा. पहिली ओळ एकीची, दुसरी दुसरीची. मी त्या सगळ्यांना ओळखत होते. तीन दुपारी अशाच वाया गेल्या.

शेवटी संगीतकाराने तोडगा काढला. स्टुडिओत डमी करायची रीत असते. मोठा गायक येण्याआधी दुसऱ्या कुणाकडून गाणं गाऊन ठेवतात, म्हणजे गायकाला नुसतं ऐकून गाता येतं. डमी गाणाऱ्याचा आवाज नंतर पुसून टाकतात, त्याचं नाव कुठेही येत नाही. संगीत महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी होती, एकवीस-बावीस वर्षांची, गोड आणि तयार गळ्याची. तिने दोन दिवसांत सहाही गाणी गाऊन दिली. मला वाळवंटात पाणी मिळालं. पंधरा दिवस मी ती डमी ऐकली, वहीत रेघा मारल्या, गोल काढले, आणि मग एकामागून एक पाच गाणी अशी झरझर गायले की संगीतकाराने काचेपलीकडून हात जोडले.

सहावं गाणं राहिलं होतं. त्या दुपारी ती मुलगी सहज स्टुडिओत आली. आम्ही तिला झालेली गाणी ऐकवली. ती ऐकताना हळूहळू गोंधळत गेली. दुसऱ्या गाण्यात अंतऱ्याच्या शेवटच्या शब्दाआधी एक थांबा आहे. तो आला तशी ती एकदम म्हणाली, “काकू, इथं तुम्ही श्वास काहून घेतला?”

“तू घेतला म्हणून.”

“मले त त्या दिवशी सर्दी झाली होती. नाक बंद होतं. म्हणून तिथं तोंडानं श्वास घ्यावा लागला.”

संगीतकार हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. ती मुलगीही हसली. माझ्या आयुष्यातला पहिला अल्बम, आणि मी एका पोरीची सर्दी गाऊन बसले होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चोरी करायची तर निदान चोरीचा माल तरी बघून घ्यावा!

मी वही मिटली. संगीतकाराला म्हटलं, सहाव्याची डमी लावू नका, मी ऐकणार नाही. त्या गाण्याची डमी मी तोवर फारशी ऐकली नव्हती, हे माझं नशीब. मग म्हटलं, पट्टी खाली आणा. तो म्हणाला, किती खाली? मी म्हटलं, मला जिथे बरं वाटतं तिथे. तो एकेक स्वर खाली येत गेला. पेटीच्या पांढरी चारला आला तेव्हा मला घरी पोचल्यासारखं वाटलं.

एकाच टेकमध्ये गायले. श्वास संपला तिथे घेतला, एकदा तर शब्दाच्या मधोमध. शेवटच्या ओळीत आवाज फुटला. गाणं एका बाईचं आहे, जी सगळ्यांना वाढून झाल्यावर एकटी जेवायला बसते. एवढंच. तिच्या ताटात काय उरलं आहे ते ती बघते आणि जेवते. मी ते गाताना दुसरी कुठलीही बाई माझ्या तोंडात नव्हती. संपल्यावर संगीतकाराने मायक्रोफोन बंद केला आणि कूलर लावला.

बाकीची पाच पुन्हा गाऊ, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. स्टुडिओच्या वेळा संपल्या होत्या, संगीतकार खूश होता आणि मला आपलं बिंग फुटू द्यायचं नव्हतं. गाणी चढवली गेली. नातेवाइकांनी अंगठे दाखवले, जुन्या सहकाऱ्यांनी फुलं पाठवली, म्हणजे मोबाईलवरचीच. आणि तीन आठवड्यांनी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलं.

लिहिणारे निवृत्त प्राध्यापक. शहरात गाण्याचा कुठलाही कार्यक्रम असो, पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. माणूस लबाड नाही. आवडलं तर आवडलं लिहितात, नाही तर नाही. पाच गाण्यांवर त्यांनी फुलं उधळली होती. या वयातला हा ताजेपणा, ही श्वासावरची हुकमत, वगैरे. दुसऱ्या गाण्यातल्या त्या थांब्यावर तर पाच-सहा ओळी खर्ची घातल्या होत्या. त्या एका विरामात म्हणे नायिकेचं सगळं दुःख दाटून आलं आहे. मी तो मजकूर दोनदा वाचला. पोरीचं नाक दाटलं होतं, सर!

सहाव्याची मात्र त्यांनी पार सालटी काढली होती. उतरलेली पट्टी, ऐकू येणारे श्वास, तुटलेले शब्द, फुटलेला आवाज. स्वयंपाकघरात गुणगुणावं तसं गाणं रेकॉर्ड कशाला करायचं, असा त्यांचा सवाल होता. गायिकेने हे एक गाणं काढून टाकलं तर हा अल्बम विदर्भाच्या भावसंगीतात मानाचं पान ठरेल, असा समारोप.

सोमवारी सकाळीच संगीतकार पुरवणीची घडी खिशात घेऊन हजर. एवढा आनंदलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या आणि आता त्याचं नाव छापून आलं होतं. चहा होईपर्यंत त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं, फक्त शेवट गाळला. मग कप खाली ठेवून म्हणाला, “वहिनी, सहाव्याची डमी अजून आहे आपल्यापाशी. दोन दिवस ऐका, एका दुपारी गाऊन टाका. जुनं काढू, नवं चढवू. कोणाले समजत नाही.”

“मले समजन ना,” मी म्हटलं.

“तुम्हाले आवडत नाही का कोणी चांगलं म्हटलेलं?”

“मले नाही म्हटलं त्यांनी.”

त्याला ते कळलं नाही. कळलं असेल तरी त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात चौतीस वर्षं काढून घरी बसलेला. मागांच्या आवाजाने डाव्या कानाचा कारभार आटोपला आहे, पण माझं गाणं तो उजवा कान पुढे करून ऐकतो. लग्नाआधी माझा कार्यक्रम ऐकूनच त्याने मागणी घातली होती. मला वाटलं हा तरी माझी बाजू घेईल.

तो म्हणाला, “काढून टाक वं.”

“काहून?”

त्याने रिकामे कप उचलले. संगीतकार गेल्यावर म्हणाला, “ते गाणं लागलं की मले आपलं स्वयंपाकघर दिसते. तू पोळ्या करता करता गातं ना, तोच आवाज आहे तो. घरचा आवाज बाहेर काहून नेऊन राहिली? लोक काही बी बोलतात मंग.”

मला त्याचा राग आला आणि भरूनही आलं, दोन्ही एकदम. समीक्षकाला जे दोष म्हणून ऐकू आलं तेच याला आपलं म्हणून ऐकू आलं होतं, आणि तरी दोघांचं म्हणणं एकच. झाकून ठेव. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज मंडपामंडपांतून मिरवले, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. माझा आवाज निघाला तर तो म्हणे घरातच बरा. मी त्याला म्हटलं, “इतकी वर्षं तो आवाज तुम्ही फुकट ऐकला. आता बाकीच्याइले ऐकू द्या.” तो हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

परीक्षणामुळे एका वाचनालयाने माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि अल्बममधली दोन गाणी. अध्यक्ष अर्थातच ते प्राध्यापक. संगीतकाराने मला चार वेळा बजावलं, दुसरं गाणं आणि चौथं, सहाव्याचं नावही काढायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे हो म्हणणं असं त्याला वाटलं, त्याला मी काय करू?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीला फोन करून गायला बोलावलं. ती घाबरली. “काकू, सर रागावतील. ते आमच्या परीक्षा घ्यायले येतात.” मी म्हटलं, “तुझं आहे ते तुले द्यायचं आहे. रागावले त माझ्यावर रागावतील.” ती आली. चांगली हिरवी साडी नेसून आली.

संध्याकाळी सहाला वाचनालयाचा हॉल भरला. शाल पांघरून झाली, भाषणं झाली. प्राध्यापक त्या विरामावर पुन्हा बोलले, या वेळी दहा मिनिटं. मग माझी पाळी. मी माइक घेऊन म्हटलं, दुसरं गाणं ही मुलगी गाईल. संगीतकार कीबोर्डवर होता, त्याचा चेहरा उतरला. पण सुरुवात करून मोकळा झाला, कारण हॉल थांबला होता. मुलगी गायली. पहिल्या ओळीलाच लोक एकमेकांकडे बघायला लागले. तोच आवाज, त्याच जागा. थांब्याची जागा आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाने श्वास घेतला.

टाळ्या पडल्या. प्राध्यापक प्रसन्न झाले, दुसरा माइक ओढून म्हणाले, “वा! शिष्येनं गुरूचा गळा हुबेहूब उचलला आहे.”

“सर,” मी म्हटलं, “उलटं आहे.”

आणि सगळं सांगितलं. ओरिजनल मागितलं ते, डमी, लाल पेन्सिल आणि सर्दी. सर्दीला हॉल एवढा हसला की मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची आपटली. प्राध्यापकांचे कान लाल झाले. मला त्यांची फजिती करायची नव्हती. थोडी करायची होती, पण एवढी नाही. मी म्हटलं, “तुम्ही पाच गाण्यांची तारीफ केली, ती बरोबरच आहे. ती या पोरीची आहे. उद्यापासून त्या गाण्यांखाली हिचं नाव लागेल, आणि मी ती पाचही पुन्हा गाईन. कशी होतील मले माहीत नाही. सहावं मात्र मी गायली आहे. ते आता ऐका.”

कीबोर्डकडे वळून म्हटलं, पांढरी चार.

संगीतकार तसाच बसून राहिला. त्याच्या आयुष्यातली एकमेव कौतुकाची संध्याकाळ मी मोडली होती, आणि ते मला दिसत होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता, साथीशिवाय गायले असते. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि पांढरी चारचा स्वर धरला.

मी गायले. श्वास संपला तिथे घेतला. शेवटच्या ओळीत आवाज फुटला, तेव्हा तो सावरायचा मी प्रयत्नही केला नाही. नवरा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता, उजवा कान माझ्याकडे करून. टाळ्या पडल्या, मघापेक्षा निम्म्या. दोन-तीन बाया मात्र टाळ्या न वाजवता नुसत्या बघत राहिल्या.

प्राध्यापक उठले. फजिती झालेला दुसरा कुणी असता तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. ते म्हणाले, “तुमच्या प्रामाणिकपणाचा आदर आहे. पण बाई, या गाण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. हे कच्चं आहे.”

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली, उकडत होतं.

“बदलवू नका, सर,” मी म्हटलं. “तीस वर्षं लोकाइनं माझं कौतुक केलं, ते सारं दुसऱ्या बायाइचं होतं. तुम्ही ज्याले कच्चं म्हणून राहिले ना, ते पहिल्यांदा कोणी मले म्हटलं आहे.”